मिठाच्या कालव्याचे नौकाकार पास्कू तुस्कानो आणि त्यांच्या वंशातील पाचवा पाळणा

वाचकांस अत्यंत आदरपूर्वक जाहीर करण्यात येते की, पुढील मजकुरात एकोणिसाव्या शतकातील थोर नौकाकार कै. पास्कू तुस्कानो यांचे जीवन, त्यांचे कुटुंब आणि त्यांच्यापासून आमच्या घराण्यात चालत आलेली पाळण्याची परंपरा यांचे साद्यंत निवेदन केले जाणार आहे. निवेदक हा त्यांचा खापरपणतू असून त्याचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झालेले आहे. सातवीत तो दोन वर्षे बसला असल्यामुळे त्या इयत्तेचा त्याचा अभ्यास इतरांहून पक्का आहे, ही गोष्टही येथे नमूद करणे अवश्य वाटते.

पास्कू तुस्कानो यांचा जन्म वसईच्या खाडीकाठी झाला. त्या काळी तेथे विस्तीर्ण मिठागरे होती आणि मिठागरांतून खाडीपर्यंत अरुंद कालवे खणलेले होते. मोठी गलबते खाडीत उभी राहत. मीठ त्यांच्यापर्यंत नेण्यासाठी सपाट बुडाच्या लहान होड्या लागत. या होड्या पास्कू बांधीत. कालवा एवढा अरुंद की त्यात होडी वळविणे अशक्य. म्हणून पास्कूंनी आपल्या होडीला पुढचे आणि मागचे असे काही ठेवलेच नाही. दोन्ही टोके सारखी. परतीच्या वेळी होडी वळत नसे, नावाडी वळून बसत असे. या युक्तीचा विचार करताना माझे अंतःकरण अभिमानाने भरून येते. माझी पत्नी ग्लॅडिस हिचे मत मात्र असे की, कोणते तोंड पुढे हे ठाऊक नसणे हा आमच्या घराण्यातील पुरुषांचा स्वभावच आहे, तो पास्कूंनी केवळ लाकडात उतरविला.

पास्कूंच्या घरी पत्नी इसाबेल, पुढे सहा मुले आणि सासूबाई नातालबाई एवढा परिवार होता. नातालबाई जावयाच्या घरी का राहत, याविषयी मला माहिती मिळू शकली नाही. पास्कूंनी शेकडो होड्या बांधल्या असे घरी सांगत. त्यांपैकी आज एकही शिल्लक नाही, ही खेदाची बाब आहे. परंतु पिरॅमिड शिल्लक आहेत तर ते बांधणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, असा विचार करून मी समाधान मानतो.

आता परंपरेकडे वळू. मला लहानपणापासून ठाऊक होती ती हकीकत अशी: ज्येष्ठ पुत्राचा जन्म झाला तेव्हा पास्कूंनी देवळात नवस केला की, या वंशात पहिल्या अपत्याचा पाळणा बापाने स्वतःच्या हाताने, होडीच्या आकाराचा बांधावा. बाळाच्या बाप्तिस्म्यापूर्वी तो पाण्यावर सोडावा. आजोबांनी किनाऱ्यावर उभे राहून ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हणावी. ‘आमेन’ झाल्यावर बाळाच्या आईने पाळण्याच्या तळाशी तळवा लावावा. तळवा कोरडा निघाला, तर बाळाचे नाव बापाच्या घराण्याने ठेवावे. ओला निघाला, तर तो अधिकार आजोळचा. याखेरीज आणखी एक नियम होता. पाळणा तयार होईपर्यंत आणि पाण्यात उतरेपर्यंत आजोबाने त्याला हात लावायचा नाही व त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. नाहीतर तो पाळणा बापाचा न होता आजोबाचा होईल.

पास्कूंपासून माझे वडील इनास यांच्यापर्यंत असे चार पाळणे बांधले गेले आणि चारही तरंगले, असे मी सर्वत्र सांगत असे. बहारीनमध्ये मनामातील ज्या हॉटेलात मी कोठारावर होतो तेथील आचाऱ्यांना, धोब्यांना आणि एकदा तर जिन्यात भेटलेल्या एका अनोळखी इजिप्शियन गृहस्थांनाही मी ते सांगितले होते.

सन १९८३च्या मे महिन्यात सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात ग्लॅडिसला पुत्ररत्न झाले. मी फुले घेऊन गेलो. फुले कागदाची होती, कारण ती हॉटेलच्या कोठारातून मिळण्यासारखी होती. बाळाच्या मुखाकडे पाहून मी गंभीर स्वरात उद्गारलो, “पास्कू!”

“कोण?” ग्लॅडिस म्हणाली.

“हा. आपला पास्कू.”

“हे बघ लान्सी, मला टाके पडलेत, हसवू नको.”

“मी हसवत नाही. थोर पुरुषाचं नाव आहे.”

“या पोराला मोठा झाल्यावर ईसा टाउनच्या शाळेत घालायचंय, मिठागरात नाही. मी ठरवलंय. केविन. पप्पांनाही आवडलंय.”

तिचे पप्पा, म्हणजे माझे सासरे फ्रान्सिस, वसईत होते; त्यांना नाव कळून, आवडून परत निरोप येईपर्यंत किती दिवस लागले असतील याचा हिशेब मी मनात केला, आणि हा कट बाळाच्या जन्माच्या पुष्कळ आधी शिजला होता हे माझ्या ध्यानात आले.

“पाळण्याचा नियम आहे,” मी म्हणालो. “तो तरंगला तर नाव आमचं.”

“आणि बुडाला तर आमचं?”

“नियम तसा आहे.”

“मग केविन झाला,” असे म्हणून तिने कूस बदलली. “मी तुझं शेल्फ पाहिलंय.”

येथे शेल्फाचा खुलासा करणे प्राप्त आहे. मी आयुष्यात लाकडाची एकच वस्तू बनविली होती, ती म्हणजे आमच्या मुहर्रकच्या भाड्याच्या जागेत स्वयंपाकघरातील शेल्फ. ते तयार होताच मी त्यावर बरण्या मांडल्या आणि दोन पावले मागे सरून पाहू लागलो. मी मागे सरलो ही गोष्ट माझ्या पायांच्या दृष्टीने फार चांगली झाली.

माझे वडील इनास यांनी जन्मभर वसईला होड्या बांधल्या. पण मी त्यांचा एकुलता एक मुलगा, लाकूड तासण्याचा वासला पाहिला की सातवीचे पुस्तक उघडून बसत असे. पुस्तक वाचत असे असे नव्हे. पास्कूंचे रक्त माझ्या अंगात आहे, ते वेळ येताच हातांत उतरेल, अशी माझी श्रद्धा होती. हत्यारे मात्र रक्तातून मिळत नाहीत. ती मला कमालने दिली. कमाल हा श्रीवर्धनकडचा. येथे फर्निचरच्या कारखान्यात सुतार, आणि आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर पत्नी मसूदासह राहणारा. मुहर्रकला जेथे मोठ्या होड्या बांधतात तेथून उरलेल्या सागाच्या फळ्याही त्यानेच मला आणून दिल्या. मी गच्चीवर काम सुरू केले.

“मिस्त्री, हा रंधा,” कमाल म्हणाला. तो त्या दिवसापासून मला मिस्त्री म्हणू लागला.

“मला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे तर उलटा का धरलाय?”

“दोन्ही टोकं सारखी, ही आमच्या घराण्याची पद्धत आहे.”

“होडीची. रंध्याची नाय.” मग तो दया येऊन म्हणाला, “एक दिवस मला दे, मी बांधून देतो. कोणाला कळणार पण नाय.”

“पास्कूंना कळेल.”

“ते वारले ना?”

“म्हणूनच कळेल.”

कमाल डोक्यावरची टोपी सारखी करून खाली निघून गेला. तरी रोज संध्याकाळी तो वर येई, कठड्यावर बसून चहा पिई आणि मी हातोडा चुकून अंगठ्यावर मारला की “यल्ला, आणखी एक खिळा!” असे ओरडे.

असो. तीन आठवड्यांनंतर पाळणा तयार झाला. सपाट बूड, दोन्ही टोके सारखी, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवून ठोकून बसविलेला कापूस. तो थोडा एका अंगाला झुकल्यासारखा दिसे. परंतु त्या इमारतीची गच्चीही झुकलेली होती, त्यामुळे दोष नेमका कोणाकडे जातो हे ठरविणे कठीण होते. कमालने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि तो एवढेच म्हणाला, “मिस्त्री, खरंच सांगतो. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा होडीसारखा दिसतो.” मला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

आता एवढी मौल्यवान वस्तू ठेवावी कोठे? बाहेर जूनची हवा. मुहर्रकला जूनमध्ये सदरा अंगात घालण्यापूर्वीच ओला होतो. त्या दमट हवेत पाळणा ठेवणे म्हणजे दुधाची पिशवी उन्हात ठेवणे, असे मला वाटले. म्हणून तो मी झोपण्याच्या खोलीत आणला, दोन स्टुलांवर भिंतीला लावून ठेवला, आणि त्याच्यावर थेट वारा येईल अशा बेताने एसीची तोंडे वळविली. रात्रंदिवस एसी. विजेच्या बिलाविषयी ग्लॅडिसने विचारले, तेव्हा मी म्हणालो की कलेला थंड हवा मानवते. बाळाला सर्दी झाली. मी बाळावर आणखी एक दुपटे घातले, पण एसी बंद केला नाही.

थोड्याच दिवसांत माझे वडील व्हिजिट व्हिसावर आले. विमानतळावरून घरी येताच त्यांनी आधी हात धुऊन नातू मांडीवर घेतला. मग त्यांची दृष्टी पाळण्याकडे गेली. ते उठले. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, जणू हात सुटले तर काही अपराध घडेल अशा रीतीने, ते पाळण्याभोवती हळूहळू फिरले. सांध्यांपाशी वाकले. ओठ हलले. मी उत्कंठेने वाट पाहत होतो.

“या खोलीत थंडी फार आहे,” बाबा म्हणाले.

“एसी आहे, बाबा. सवय होईल.”

“मला नाही झाली तर?”

“शाल देतो.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी काही बोललोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलातून आलो तर एसी बंद. मी सुरू केला. रात्री पुन्हा बंद. मी पुन्हा सुरू केला. बाबांना थंडी सोसत नाही असे समजून मी त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे आणले. मुहर्रकला जूनमध्ये लोकरीचे मोजे मागणारा मी पहिलेच गिऱ्हाईक असेन. दुकानदाराने ते फार खालच्या खणातून काढले. बाबांनी मोजे घेतले, घडी मोडली नाही, आणि एक दीर्घ श्वास सोडला. ते वयोमानाने थकले आहेत असा मी अर्थ लावला.

याच सुमारास दुसरे संकट उद्भवले. ग्लॅडिसला पाळण्याविषयी अणुमात्र आदर नव्हता. बाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे धुळीने पिवळे होतात म्हणून ती बाळाचे धुतलेले लंगोट सरळ पाळण्याच्या काठावर वाळत घालू लागली! पास्कू तुस्कानोंच्या परंपरेतील पाचवा पाळणा, आणि त्यावर ओळीने ओले लंगोट! मी ते पाहिले तेव्हा माझ्या अंगावर शहारे आले.

“ग्लॅडिस, हे काय आहे?”

“लंगोट.”

“ते मलाही दिसतं. ते तिथे का?”

“जागा बरोबर आहे. वारा सरळ येतो. तुझ्या पास्कूनं बांधलेली पहिली कामाची वस्तू.”

“मी बांधली आहे.”

“म्हणून तर म्हटलं पहिली.”

मी एक एक लंगोट उचलून न्हाणीघरात नेऊन टाकला. कोपऱ्यात बसलेल्या बाबांनी भिंतीकडे तोंड फिरविले. मला वाटले, त्यांना सुनेचे वर्तन पाहवले नाही. पुढे मात्र चमत्कार असा घडू लागला की, ग्लॅडिस लंगोट घेऊन खोलीत आली की बाबांचा चेहरा उजळे. ते म्हणत, “ये पोरी. देव तुझं भलं करो.” आणि मी लंगोट काढायला गेलो की त्यांना जोराचा खोकला येई. एकदा तर ते तिला म्हणाले, “नीट पिळू नकोस गं. मनगट दुखतं तुझं.” सासऱ्याच्या या मायेने ग्लॅडिसचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “बघ, बाबांना माझी कदर आहे.” मी मनात म्हणालो, म्हातारपणी माणूस नातवाच्या लोभाने सुनेपुढे किती वाकतो!

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात सर्व प्रकार केव्हाच आला असेल. माझ्या आला नाही.

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात हॉटेलात दोन मोठ्या मेजवान्या होत्या आणि मला डबल शिफ्ट लागली. त्या आठवड्यात मी घरी केवळ झोपण्यापुरता येत असे. लंगोटांवर लक्ष ठेवणे शक्य झाले नाही. पुढच्या शुक्रवारी बाप्तिस्मा ठरलेला होता, म्हणून त्याच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी अरादच्या किनाऱ्यावर पाळणा उतरविण्याचे मी निश्चित केले. कमालने कारखान्याची पिकअप आणली. मागे पाळणा आणि तो धरून मी; पुढे कमाल, बाबा, आणि बाळाला घेऊन ग्लॅडिस.

अरादच्या किल्ल्याच्या बाजूला उतरलो तेव्हा समोर पाणीच नव्हते. ओहोटी होती. भरती-ओहोटी पाहून जावे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आमचे पास्कू कालव्यावरचे, त्यांचे पाणी कोठे जात नसे.

“मिस्त्री, समुद्र इराणला गेलाय,” कमाल हातांची दुर्बीण करून म्हणाला. “येईल, इंशाल्ला.”

“थांबायचं का?” ग्लॅडिसने विचारले. “की तुझ्या होडीला इथंच चिखलात आशीर्वाद द्यायचा?”

शेवटी आम्ही चिखल तुडवीत पाण्याकडे चालत निघालो. पुढे मी आणि कमाल पाळणा घेऊन, मागे बाबा नातवाला छातीशी धरून, त्यांच्यामागे हातात चपला घेतलेली ग्लॅडिस. पाणी गुडघ्याला लागले तेव्हा सूर्य खाली गेला होता. पास्कूंपासूनचे चार पाळणे, आणि हा माझा. आजवर मी माझ्या घराण्याच्या नावावर पुष्कळ बोललो होतो. त्या घराण्याचे नाव पुढे ठेवण्याचा अधिकार आता या सहा फळ्यांवर होता.

मी पाळणा सोडला.

तो तरंगला. वाचकहो, तो तरंगला! लाटेवर एकदा डुलला आणि स्थिर झाला. मी ग्लॅडिसकडे पाहिले. ती पाळण्याकडेच पाहत होती आणि तिने खालचा ओठ दातांत धरला होता. कमालने टोपी काढून हातात घेतली, मग काही सुचून पुन्हा डोक्यावर घातली. बाबांनी नातवाला सावरले आणि प्रार्थना सुरू केली. त्यांनी ती घाईनेही म्हटली नाही आणि रेंगाळतही म्हटली नाही. रविवारी देवळात म्हणतात तशीच म्हटली.

‘आमची रोजची भाकर’ येथपर्यंत येता येता पाळण्याची एक बाजू थोडी खाली गेली. जेवण झाल्यावर पाहुणा जसा हळूच भिंतीला टेकतो, तसा तो टेकत चालला. मी श्वास रोखला, जणू माझ्या श्वासाचेच वजन त्याच्यावर पडत होते. बाबांनी ‘आमेन’ म्हटले तेव्हा पाळणा पाण्यावर होता. कललेला, पण वर.

“तरंगतोय!” मी ओरडलो.

“तळवा,” बाबा म्हणाले.

ग्लॅडिस पुढे झाली. तिने बांगडी मागे सारली आणि हात पाळण्याच्या तळाशी टेकविला. तो तिने बराच वेळ तसाच ठेवला. मी तिच्या मुखाकडे पाहत होतो. तिने खोटे बोलावे अशी मी प्रार्थना करीत होतो, आणि ही प्रार्थना ‘आमच्या बापा’च्या लगेच पाठोपाठ करीत होतो, ही गोष्ट आता लिहिताना मला लाज वाटते.

“ओलं आहे,” ती म्हणाली.

“किती ओलं?”

“ओलं ते ओलं, लान्सी.”

“लाटेचे तुषार उडाले असतील.”

“तुषार सांध्यातून येतात का? ये, तू बघ.”

मी हात घातला. एका बाजूला तळ कोरडा होता. दुसऱ्या बाजूला, जी माझ्या खोलीत भिंतीकडे होती, तेथे पाणी बोटभर चढले होते. कमालने काही विनोद केला नाही. त्याने पाळणा उचलून रिता केला, आणि मला त्याच्या त्या गप्प राहण्याचेच अधिक वाईट वाटले.

“आता मला बोलायला हरकत नाही ना?” बाबांनी विचारले. “महिनाभर जीभ चावून चावून माझे उरलेले दात सैल झाले.”

“बोला.”

“अरे, लाकूड पाणी पितं. प्यालं की फुगतं, फुगलं की सांधे आवळतात. नवी होडी उतरवायच्या आधी आम्ही ती दहा दहा दिवस ओली ठेवायचो. आणि तू तिला एसीत सुकवायला ठेवलीस! सांध्यांतून पलीकडची भिंत दिसत होती मला. सगळी चिरत होती. तिला वाचवलं कोणी असेल तर या ग्लॅडिसनं.”

“मी?” ग्लॅडिस म्हणाली.

“तुझ्या लंगोटांनी. ज्या अंगाला तू लंगोट घातलेस ते अंग बघ, थेंब आला नाही. भिंतीकडच्या अंगाला तुझा हात पोचत नव्हता.”

ग्लॅडिसने वाकून ते कोरडे अंग चाचपले. “म्हणजे आणखी आठ दिवस मी दोन्ही बाजूंना वाळत घातले असते, तर माझ्याच हातानं पोरगा पास्कू झाला असता?”

“झाला असता.”

“येशू, वाचले!” असे म्हणून ती एवढी हसली की तिला पाण्यात कमालच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. कमालही आता हसू लागला. मी मात्र हसलो नाही.

“बाबा, मला क्षमा करा,” मी म्हणालो. “एवढ्या वर्षांत एकही पाळणा गळला नाही. माझाच पहिला.”

“पहिला?” बाबा म्हणाले. “पहिला कोण म्हणतं?”

“मी सगळ्यांना सांगत आलो आहे.”

“ते मला ठाऊक आहे. पण तुला कोणी सांगितलं?” त्यांनी नातवाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतले. “तुझं नाव काय?”

मला वाटले, उन्हाचा परिणाम झाला असावा. “लान्सी.”

“आमच्या घरात लान्सी कोण होता?”

मी विचार केला. पास्कू, मिंगेल, सांतान, इनास. लान्सी कोणी नव्हता. इतकी वर्षे ते नाव मी वागवीत होतो आणि लान्सी नावाचे कोणी संत असतील, त्यांचा सण मला अद्याप सापडला नाही एवढेच, अशी माझी समजूत होती.

“तुझ्या मामाच्या ऑफिसात एक गोरा साहेब होता, त्याचं नाव,” बाबा म्हणाले. “त्या वर्षी मोठ्या तांडेलाची होडी होती माझ्याकडे. चांगल्या फळ्या सगळ्या तिला लावल्या. घरच्या पाळण्याला उरलेल्या. विहिरीजवळच्या पाण्याच्या दगडी डोणीत सोडला, तर प्रार्थना अर्धी व्हायच्या आत तो खाली. तुझ्या आईला तळवा घालायला वाकावंसुद्धा लागलं नाही.”

“तुम्ही मला कधी सांगितलं नाही!”

“तू विचारलंस कधी? लहान होतास तेव्हापासून तू घराण्याचं भाषणच देत होतास. भाषणात मध्ये कोण बोलणार?”

“निदान पास्कूंचा तरी तरंगला ना?” मी अखेरचा आधार शोधीत विचारले.

“त्यांचा? त्यांच्यापायी तर नियम आला. नवस-बिवस काही नव्हता. पास्कू दिवसभर मिठागरात, संध्याकाळी गुत्त्यात, आणि तोंडाने सारखी माझी होडी, माझी होडी. घरी पोर जमिनीवर फाटक्या गोधडीत. नातालबाई म्हणाली, लोकांना एवढ्या होड्या बांधतोस, तर पोराला एक बांध. तरंगली तर नाव तुझं, नाहीतर माझ्या मेलेल्या नवऱ्याचं. मिंगेल हे नातालबाईच्या नवऱ्याचं नाव.”

ग्लॅडिस म्हणाली, “मला ही बाई आवडली.”

“पण मग चारांपैकी…”

“दोन,” बाबा म्हणाले. “मिंगेलचा तरंगला, माझ्या बापाचा तरंगला. बाकी दोघांनी बायकांच्या माहेरचं ऐकलं. आता तिसरा तू. वाईट काय आहे त्यात? चल, पोराला वारा लागतोय. खरा वारा.”

परत येताना पिकअपमध्ये मी पाळणा धरून मागेच बसलो. पास्कूंच्या थोर चरित्राचा जो आराखडा मी मनात अनेक वर्षे बांधीत होतो त्याच्या किती सांध्यांतून पाणी येत होते, हे मी मोजीत होतो. घरी पोहोचल्यावर ग्लॅडिसने पाळणा पुसला, त्यात गादी घातली आणि बाळाला ठेवले. मी म्हणालो की नियमाप्रमाणे हा पाळणा आता बाद आहे. ती म्हणाली, “तो पाण्यात झोपणार नाहीये,” आणि विषय संपविला.

पुढच्या शुक्रवारी मनामाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. फादरांनी विचारले, “या बाळाला तुम्ही काय नाव देता?” हे उत्तर बापाने द्यायचे होते. मी तोंड उघडले आणि माझा आवाज निघेना. मागे सगळे थांबले होते. ग्लॅडिसने माझ्याकडे पाहिले. ती मला ढोसणार असे वाटले, पण तिने तसे केले नाही. तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी वाकले.

“बोल बाळा. माझाही आवाज असाच बसला होता. फादरांना दोनदा विचारावं लागलं. मला वाटलं होतं, परक्याचं नाव आहे, तोंडात कसं घेऊ. मग म्हटलं एकदा, आणि तू माझ्याकडे बघितलंस. संपलं. त्या दिवसापासून तेच आमच्या घरचं नाव.”

मी मोठ्याने म्हणालो, “केविन.” एवढ्या मोठ्याने की मागच्या बाकावर कमाल आणि मसूदा बसले होते, तेथे त्यांनाही ते दचकवून गेले. बाळ रडले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले की वर फिरणाऱ्या पंख्याकडे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही; परंतु मी ते माझ्याकडे असे धरले आहे.

येणेप्रमाणे कै. पास्कू तुस्कानो यांचे जीवन व कुटुंब यांची हकीकत, मला अपेक्षित होती त्याहून पुष्कळ निराळी, येथे पूर्ण होते. ती आपण सहनशीलपणे वाचलीत याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. लेखाखाली पूर्वजांच्या नावांची माळ लावून सही करावी असा माझा मूळ विचार होता. तो मी रद्द केला असून, मामांच्या गोऱ्या साहेबांचे जे नाव माझ्या वडिलांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर देवळात उच्चारले, तेच येथे स्वच्छ अक्षरात लिहितो.

आपला नम्र,
लान्सी इनास तुस्कानो
मुहर्रक, बहारीन